न जुळणाऱ्या रेघा : पावडर डिफ्रॅक्शन, सुपरस्ट्रक्चर आणि संगणकाची मदत



मुलांच्या प्रयोगवहीतली एक सवय आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आलेखावर दहा बिंदू मांडले, आठ सरळ रेषेवर आले आणि दोन बाजूला पडले, की ते दोन खोडरबराने गायब होतात. कधी मुलं खोडतात, तर कधी आपणच म्हणतो, "सोड रे, मोजताना चूक झाली असेल." चूक असूही शकते. पण ती चूक आहे की नवी माहिती आहे, हे ठरवायचं कसं? या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर स्फटिकशास्त्रात सापडतं. आजचा पाठ त्यावर आहे.

विषयाचं नाव जड वाटेल : पावडर डिफ्रॅक्शनमधल्या सुपरस्ट्रक्चर रेघांचं इंडेक्सिंग. घाबरू नका. वर्ग, वर्गमूळ, अपूर्णांक आणि साइन एवढं येत असेल तर हा पाठ समजतो. अकरावी-बारावीच्या मुलांना तो पूर्ण घेता येईल. नववी-दहावीला पहिले दोन भाग आणि आकडेमोड पुरे.

१. सुरुवात घरातल्या लादीपासून

समजा, खोलीत एक फूट लांबी-रुंदीच्या लाद्या बसवल्या आहेत आणि सगळ्या पांढऱ्या आहेत. मग नक्षी दर एक फुटाने पुन्हा येते. आता एकाआड एक लादी काळी करा, बुद्धिबळाच्या पटासारखी. लादीचं माप बदललं का? नाही. पण एका ओळीने चालत गेलात, तर पांढऱ्या लादीनंतर पुन्हा पांढरी लादी दोन फुटांवर येते. म्हणजे नक्षी दुप्पट अंतराने पुन्हा येऊ लागली.

स्फटिकात असंच होतं. अणूंची एक छोटी पेटी तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा मांडलेली असते. तिला एकक कोष म्हणतात. या मूळ मांडणीवर आणखी एक मोठी मांडणी चढली, की तिला सुपरस्ट्रक्चर म्हणायचं. लादीचा 'रंग' इथे तीन प्रकारचा असू शकतो : अणूची जात बदलते, अणू आपल्या जागेवरून किंचित सरकतो, किंवा अणूच्या छोट्याशा चुंबकाची दिशा उलटते. तिसरा प्रकार लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

२. किरण ही नक्षी मोजतात कशी?

१९१२ मध्ये माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवले गेले आणि फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. पुढे ब्रॅग पिता-पुत्रांनी त्या ठिपक्यांचं गणित सोपं केलं. या कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं, तेव्हा मुलगा लॉरेन्स फक्त २५ वर्षांचा होता. ब्रॅग यांचा नियम असा :

२ × थरांमधलं अंतर × साइन (कोन) = तरंगलांबी

या नियमात एक गंमत दडलेली आहे. अंतर मोठं असेल तर कोन लहान येतो. म्हणजे स्फटिकात जे लांब, ते चित्रात जवळ.

हे घरी दाखवता येतं. रात्री दूरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बारीक विणीच्या ताणलेल्या कापडातून पाहा. छत्रीचं कापड किंवा तलम ओढणी चालेल. दिव्याभोवती अधिक चिन्हासारखे प्रकाशाचे ठिपके दिसतात. वीण जितकी बारीक, तितके ठिपके लांब लांब. (लेझर किंवा सूर्याकडे मात्र कधीही पाहू द्यायचं नाही, बरं का.)

आता लादीकडे परत या. नक्षी दुप्पट अंतराने येऊ लागली, तर चित्रात काय होईल? जुने ठिपके जिथे होते तिथेच राहतील आणि त्यांच्या मधल्या जागेत नवे ठिपके उगवतील. दोन रंगांत फरक थोडा असेल तर हे नवे ठिपके फिकट असतील. त्यांनाच सुपरस्ट्रक्चर परावर्तनं म्हणतात.

३. पावडर केली की दिशा हरवते

पुष्कळ पदार्थांचा मोठा, स्वच्छ स्फटिक मिळत नाही, पावडर मात्र सहज मिळते. १९१६ मध्ये डेबाय आणि शेरर यांनी पावडरवरच प्रयोग करण्याची रीत काढली. पावडरीत असंख्य बारीक स्फटिक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. त्यामुळे ठिपक्यांची वर्तुळं होतात, आणि आलेखावर आपल्याला कोनानुसार शिखरांची एक रांग मिळते. या शिखरांनाच बोलताना रेघा म्हणतात.

इथे मोठी अडचण येते. ठिपका केंद्रापासून किती लांब आहे ते कळतं, पण कोणत्या दिशेला आहे ते कळत नाही. मुलांना असं सांगा : वर्गातल्या प्रत्येकाचं घर शाळेपासून किती लांब आहे याची यादी आहे, दिशा कुणाचीच लिहिलेली नाही. आता या यादीवरून गावाचा नकाशा काढा! गावातले रस्ते चौकटीच्या कागदासारखे सरळ आहेत हे माहीत असेल तरच ते जमेल. प्रत्येक रेघ नकाशातल्या कोणत्या चौकाची, हे शोधण्याच्या कामाला इंडेक्सिंग म्हणतात.

पेटी घनाकृती असेल तर गणित अगदी सोपं :

रेघेचा आकडा = (पेटीची कडा ÷ रेघेचं अंतर) चा वर्ग

हा आकडा तीन पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज असायला हवा. उदाहरणार्थ (१,१,१) ची बेरीज ३ आणि (२,०,०) ची ४. पेटीच्या कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर सारखेच अणू असतील, तर तिन्ही पूर्णांक एकतर सगळे विषम किंवा सगळे सम असावे लागतात. मग फक्त ३, ४, ८, ११, १२ अशा रेघा दिसतात.

४. १९४९ : चार जास्तीच्या रेघा

मँगनीज ऑक्साइड हा मिठासारख्या रचनेचा पदार्थ. त्याच्या पेटीची कडा ४.४३ अँगस्ट्रॉम. अमेरिकेत ओक रिज इथे क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी त्याच्या पावडरीवर क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन सोडले. न्यूट्रॉन स्वतः एक बारीकसा चुंबक आहे, त्यामुळे त्याला अणूंच्या चुंबकांची दिशा 'दिसते'.

खोलीच्या तापमानाला अपेक्षित रेघा मिळाल्या. पदार्थ ८० केल्विनपर्यंत थंड केल्यावर मात्र जुन्या रेघांच्या मध्ये नव्या रेघा उभ्या राहिल्या, आणि छोट्या पेटीत त्या बसेनात. कडा ४.४३ धरून गणित केलं, तर या जास्तीच्या रेघांची अंतरं साधारण अशी येतात. मुलांना फक्त अंतरं द्या, आकडे त्यांनाच काढू द्या :

अंतर ५.११५ अँगस्ट्रॉम : आकडा ०.७५
अंतर २.६७१ अँगस्ट्रॉम : आकडा २.७५
अंतर २.०३३ अँगस्ट्रॉम : आकडा ४.७५
अंतर १.७०५ अँगस्ट्रॉम : आकडा ६.७५

आकडे पूर्णांक नाहीत. पण अस्ताव्यस्तही नाहीत! प्रत्येकाच्या शेवटी ०.७५ आहे. इथे थांबा आणि मुलांना विचारा, "तीन सारख्या वर्गांची बेरीज ०.७५ कशी येईल?" कुणीतरी नक्की सांगेल : १/४ + १/४ + १/४. म्हणजे (१/२, १/२, १/२).

या तीन अपूर्णांकांच्या गटाला प्रोपगेशन व्हेक्टर म्हणतात. त्याचा अर्थ लादीच्या भाषेत सोपा आहे : पेटीच्या कोणत्याही कडेने एक पेटी पुढे गेलात की रंग उलटतो, दोन पेट्या गेलात की पुन्हा तोच येतो. म्हणजे खरी चुंबकीय पेटी प्रत्येक दिशेला दुप्पट, सुमारे ८.८५ अँगस्ट्रॉमची, आणि आकारमानाने आठपट. शेजारच्या थरांतले चुंबक एकमेकांच्या उलट दिशेला उभे आहेत, म्हणून बाहेरून पदार्थ लोखंडासारखा चुंबक वाटत नाही.

अशा व्यवस्थेची कल्पना फ्रान्सच्या लुई नेल यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. तिचा थेट पुरावा या रेघांनी दिला. नेल यांना १९७० मध्ये नोबेल मिळालं. न्यूट्रॉन विवर्तनाच्या कामासाठी शल यांना १९९४ मध्ये बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्या रेघा 'सोड रे' म्हणून सोडल्या असत्या, तर पदार्थाची खरी व्यवस्था नजरेतून सुटली असती.

५. सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

वरचं उदाहरण हाताने सुटलं, कारण पेटी घनाकृती होती आणि अपूर्णांक सोपे होते. पेटीच्या तिन्ही कडा वेगळ्या, कोन तिरके आणि अपूर्णांक ०.२३ सारखा असेल, तर हाताने कंटाळा येईल. इथे संगणक उपयोगी पडतो.

डिकव्हॉल, ट्रेऑर यांसारखे प्रोग्रॅम सगळ्या रेघा घेऊन पेटी पहिल्यापासून शोधतात. पण सुपरस्ट्रक्चरच्या रेघा फिकट आणि थोड्या असतात. त्या मुख्य रेघांत मिसळून एकदम मोठी पेटी शोधायला लावली, तर उत्तरांची गर्दी होते. म्हणून दुसरी वाट धरतात : छोटी पेटी ओळखीची आहे, ती तशीच ठेवा आणि उरलेल्या रेघांसाठी फक्त तीन अपूर्णांक शोधा. ह्वान रॉड्रिग्ज-कार्वाहाल यांच्या फुलप्रॉफ या मोफत मिळणाऱ्या संचात त्यासाठी सुपरसेल आणि के-सर्च असे प्रोग्रॅम आहेत.

अशा प्रोग्रॅमची कामाची पद्धत साधारण अशी असते :

(१) आपण त्याला छोट्या पेटीची मापं, तिचा प्रकार आणि न जुळलेल्या रेघांच्या जागा देतो.
(२) तो अपूर्णांकांचा एक गट धरतो. मुख्य रेघांच्या प्रत्येक त्रिकुटात तो मिळवतो, त्यातून वजाही करतो, आणि नव्या रेघा कुठे याव्यात ते काढतो.
(३) या अपेक्षित जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक मोजतो.
(४) मग दुसरा गट, तिसरा गट, असे हजारो गट तपासतो.
(५) शेवटी कमीत कमी फरकाचे गट वर ठेवून यादी देतो.

ही पद्धत फळ्यावर करून दाखवा. चार उमेदवार घ्या :

(१/२, ०, ०) धरलं तर आकडे ०.२५, २.२५, ४.२५. जुळत नाहीत.
(१, ०, ०) धरलं तर १, २, ५, ६. जुळत नाहीत.
(१/२, १/२, ०) धरलं तर ०.५, १.५, २.५. जुळत नाहीत.
(१/२, १/२, १/२) धरलं तर (१,१,१) मधून वजा करून ०.७५, (२,०,०) मधून वजा करून २.७५, (२,२,०) मधून वजा करून ४.७५, आणि (३,१,१) मधून वजा करून ६.७५. चारही जुळले!

संगणकाने यापेक्षा वेगळं काही केलेलं नाही. धरा, तपासा, सोडा, पुढचं धरा. फक्त तो दमत नाही.

६. जुळलं म्हणजे बरोबर झालं का?

पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. घाई करू नका.

पहिला सापळा : मोठी पेटी सगळं गिळते. मँगनीज ऑक्साइडसाठी कुणी म्हणालं, "कडा दुप्पट करा, झालं." तर चारही रेघा बसतात, खरं आहे. पण दुप्पट कडेच्या साध्या पेटीत ६.७५ पर्यंत एकूण २४ आकडे शक्य आहेत. आपल्या यादीत किती आहेत? चार नवे आणि ३ व ४ हे दोन जुने, मिळून सहा. बाकीच्या १८ रेघा कुठे गेल्या? आणि कडा दहापट केली तर आकडे ०.०१ च्या अंतराने येतील, मग कोणतीही रेघ कुठे ना कुठे बसेलच. अशा जुळण्याला किंमत नाही. (१/२, १/२, १/२) हे उत्तर चार रेघा सांगतं आणि चारच दिसतात, म्हणून ते भारी. डे वोल्फ यांनी १९६८ मध्ये इंडेक्सिंगच्या उत्तरांना गुण द्यायची रीत सुचवली, तिच्यातही हेच तत्त्व आहे : फरक कमी हवा आणि अपेक्षित रेघाही कमी हव्यात.

दुसरा सापळा : जागा मोजण्यातली चूक. तरंगलांबी १.०६ अँगस्ट्रॉम धरली, तर पहिली जास्तीची रेघ सुमारे ११.९ अंशांवर येते. यंत्राचा शून्य ०.१ अंशाने सरकला, तर ०.७५ चा आकडा ०.७६ च्या पुढे जातो. प्रोग्रॅम बिचारा ०.७६ साठी प्रामाणिकपणे दुसरे अपूर्णांक शोधून देईल. म्हणून आधी मुख्य रेघांवरून शून्य तपासायचा, मग प्रोग्रॅम चालवायचा.

तिसरा सापळा : तोतया रेघा. पावडरीत भेसळ असेल तर तिच्याही रेघा येतात. त्याहून फसवी गोष्ट अशी, की किरणांत अर्ध्या तरंगलांबीचे थोडे किरण मिसळलेले असतील, तर प्रत्येक मुख्य रेघेची फिकट सावली पडते आणि तिचा आकडा मूळ आकड्याच्या चौथाईइतका दिसतो. मग ३ ची सावली ०.७५ वर, ११ ची २.७५ वर! अगदी आपल्या चुंबकीय रेघांच्या जागी. प्रोग्रॅमला हे ओळखता येणार नाही, कारण त्याला फक्त जागा दिलेल्या आहेत.

मग ओळखायचं कसं? दोन साक्षीदार आहेत. एक म्हणजे सावली असेल तर ४ ची सावली १ वर आणि ८ ची २ वरही शोधून पाहायची. दुसरा त्याहून पक्का साक्षीदार म्हणजे तापमान. अर्ध्या तरंगलांबीची सावली गरम-थंड पाहत नाही. शल आणि स्मार्ट यांच्या प्रयोगात मात्र खोलीच्या तापमानाला त्या जागी टोकदार शिखर नव्हतं, नुसता पसरट उंचवटा होता. मँगनीज ऑक्साइडमधली चुंबकांची शिस्त सुमारे १२० केल्विनच्या खालीच लागते. रेघ थंडीत आली आणि उष्णतेत गेली, म्हणजे ती पदार्थाची.

शिवाय जागांवरून फक्त पेटीचं माप कळतं. पेटीत कोण कुठे उभं आहे, हे रेघांच्या उंचीवरून काढावं लागतं. त्यासाठी ह्युगो रीटवेल्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. त्यात संपूर्ण आलेख एकदम जुळवून पाहतात. थोडक्यात, इंडेक्सिंगचं उत्तर ही पहिली पायरी झाली.

७. वर्गात घेताना

पहिल्या तासाला चौकटीच्या कागदावर दोन नक्ष्या रंगवायला सांगा : एक बुद्धिबळाच्या पटासारखी, दुसरी एकाआड एक पट्टीची. प्रत्येकीत लहानात लहान पुन्हा येणारा तुकडा शोधायला लावा. दुसऱ्या तासाला चार आकड्यांचं कोडं द्या, उत्तर सांगू नका. वर्गाचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकेक उमेदवार वाटून द्या. मुलं स्वतःच 'सॉफ्टवेअर' होतात, आणि नंतर खरा प्रोग्रॅम पाहिला तर तो जादूची पेटी वाटत नाही.

तिसऱ्या तासाला सापळे. इथे मुलांना तीन प्रश्न पाठच करायला लावा : किती रेघा जुळल्या? किती यायला हव्या होत्या आणि आल्या नाहीत? परिस्थिती बदलली तर रेघ कशी वागते?

महाराष्ट्रातल्या मुलांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. असे न्यूट्रॉनचे प्रयोग फक्त परदेशातच होतात असं नाही. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ मध्ये सुरू झालेली ध्रुव अणुभट्टी आहे. तिच्या न्यूट्रॉन किरणांवर पावडर डिफ्रॅक्शनची यंत्रं चालतात.

पालकांसाठी एकच विनंती. मुलाच्या वहीत न जुळणारं उत्तर दिसलं, तर लगेच "चुकलं" म्हणू नका आणि "वा, नवा शोध!" असंही म्हणू नका. "हे पुन्हा कधी येतं, कधी येत नाही?" एवढंच विचारा.

८. स्वाध्याय

तांबं आणि सोनं ३ : १ प्रमाणात वितळवून मिश्रधातू केला आणि तो सुमारे ३९० अंश सेल्सिअसच्या खाली बराच वेळ ठेवला, तर सोन्याचे अणू पेटीच्या कोपऱ्यांवर आणि तांब्याचे बाजूंच्या मध्यावर जाऊन बसतात. क्ष-किरणांनी ही शिस्त १९२५ मध्ये योहान्सन आणि लिंडे यांनी दाखवली. तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम आणि कडा ३.७५ अँगस्ट्रॉम धरल्यास रेघा येतात त्या कोनांच्या दुपटी अशा :

२३.७, ३३.८, ४१.७, ४८.५, ५४.७, ६०.४, ७१.० अंश

(अ) प्रत्येक मापाच्या निम्म्या कोनाच्या साइनचा वर्ग काढा. पहिल्याने सगळ्यांना भागा. कोणते पूर्णांक मिळतात?
(आ) अणू अस्ताव्यस्त असताना यांपैकी कोणत्या रेघा दिसतील?
(इ) इथे पेटीची कडा वाढली का?

उत्तरं : (अ) १, २, ३, ४, ५, ६, ८. (आ) फक्त ३, ४ आणि ८ च्या, म्हणजे ४१.७, ४८.५ आणि ७१.० अंशांवरच्या. (इ) कडा तेवढीच राहिली. पण आधी कोपरा आणि बाजूचा मध्य एकसारखे होते, आता ते वेगळे झाले. त्यामुळे पुन्हा येणारा लहानात लहान तुकडा चौपट झाला.

हुशार मुलांसाठी एक जादा प्रश्न : सोन्यात ७९ आणि तांब्यात २९ इलेक्ट्रॉन आहेत. जास्तीच्या रेघेची ताकद ७९ वजा २९, म्हणजे ५०. मुख्य रेघेची ७९ अधिक तीनदा २९, म्हणजे १६६. दोन्हींचे वर्ग करून भागाकार केला तर सुमारे ९ टक्के येतात. आता सोन्याच्या जागी ३० इलेक्ट्रॉनचं जस्त घ्या, आणि तांबं-जस्ताच्या १ : १ पितळेत ५९ च्या तुलनेत १ चा वर्ग किती होतो ते काढा. क्ष-किरणांना पितळेतली शिस्त इतकी अवघड का जाते, ते मुलं स्वतःच सांगतील.